२०११ च्या पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा: ऑक्सिजन सेन्सर बदलूनही पी ०१७१ पुन्हा येतो

प्रश्न: होटगी रोड, सोलापूर

नमस्कार. माझ्याकडे २०११ सालची १.२ लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ हा धुराच्या प्रदूषणाचा निकष ज्या तेरा शहरांत आधी लागू झाला त्यांत सोलापूरही होते, आणि गाडी इथेच नोंदलेली असल्यामुळे ती बीएस-४ आहे. आतापर्यंत १ लाख १८ हजार किलोमीटर झाले आहेत. सीएनजी किट कधीच बसवलेले नाही आणि गाडी पहिल्यापासून माझ्याच हातात आहे.

दोन महिन्यांपूर्वी पंढरपूरहून परत येताना मोहोळच्या अलीकडे मीटरमधला पिवळा चेक इंजिनचा दिवा लागला. गाडी बंद पडली नाही, मिसिंग केले नाही, पिकअपही गेला नाही, त्यामुळे तशीच घरी आणली. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी ०१७१ हा एकच कोड निघाला. मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला, असे सांगून त्यांनी ३,४०० रुपयांचा नवा सेन्सर बसवला. त्याच वेळी प्लग काढून पाहिले तर चारही काळे निघाले, म्हणून तेही नवे टाकले आणि कोड पुसून दिला. सहाव्या दिवशी दिवा पुन्हा लागला.

आता तेच मेकॅनिक टाकीतला पेट्रोल पंप बदलायला सांगत आहेत आणि त्याचा खर्च ९,००० रुपयांच्या घरात आहे. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की, हे सगळे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे होत असून जुन्या गाडीत यावर काही उपाय नाही. गावात १५ च्या आसपास असलेले ॲव्हरेज १२ वर आले आहे. हायवेला मात्र फारसा फरक जाणवत नाही. आणखी पैसे घालण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझ्याकडे ब्लूटूथचा स्कॅनर आहे, परंतु मेहुण्याच्या २०१८ च्या गाडीत नीट चालणारा तो स्कॅनर माझ्या गाडीला जोडलाच जात नाही.

उत्तर: चिंचवडचा निवृत्त अभियंता

आधी स्कॅनरचे पाहू, कारण आकडे हाती आल्याशिवाय बाकी सगळी चर्चा म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. आपल्या आणि मेहुण्यांच्या गाडीत स्टिअरिंगखालचे सोळा पिनांचे सॉकेट दिसायला एकसारखेच असते, परंतु आतली भाषा वेगळी असते. नव्या गाड्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवरून कॅन पद्धतीने बोलतात. त्या काळातल्या अनेक छोट्या गाड्या मात्र ७ क्रमांकाच्या पिनवरच्या के-लाइनवरून बोलतात. काही स्वस्त नकली स्कॅनरांत के-लाइनचा भाग धड चालत नाही. के-लाइन चालते याची दुकानदाराकडून खात्री करून घेऊन दुसरा आणा किंवा कोणाचा तरी उसना घ्या. ही लाइन संथ असते, म्हणून ॲपमध्ये एका वेळी दोन-तीनच आकडे निवडा. दहा निवडले तर प्रत्येक आकडा शिळा होऊन पडद्यावर येतो आणि चांगला सेन्सरही मेल्यासारखा दिसतो.

आता कोडविषयी. पी ०१७१ चे पाठ्यपुस्तकी भाषांतर ‘मिश्रण लीन’ असे होते, आणि बहुतेक गडबड या भाषांतरातूनच होते. सिलिंडरमध्ये किती पेट्रोल गेले हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, दिसत नाही. सायलेन्सरच्या पाइपात बसलेला सेन्सर त्याला एवढेच सांगतो की, जळून आलेल्या वायूत ऑक्सिजन शिल्लक आहे. तो ऐकून ईसीयू पेट्रोल वाढवतो, तरीही ऑक्सिजन दिसत राहिला की आणखी वाढवतो, आणि ही वाढ साधारण २५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की हात टेकून दिवा लावतो. म्हणजे या कोडमधून सेन्सर बोलतो आहे एवढे तर नक्की कळते. सेन्सरच्या स्वतःच्या बिघाडाचे, उदाहरणार्थ हिटरचे किंवा वायरीचे, कोड वेगळे असतात, आणि त्यांतला एकही आपल्याकडे निघालेला नाही.

दिवा सहा दिवसांनी परतला यातही नवल नाही. कोड पुसला की शिकलेली दुरुस्तीही अनेक गाड्यांत शून्यावर येते, ती पुन्हा शिकायला ईसीयूला काही फेऱ्या लागतात, आणि तोच दोष लागोपाठच्या दोन-तीन ड्राइव्ह सायकलींमध्ये (गाडी सुरू करून चालवून बंद करण्याच्या फेऱ्यांमध्ये) दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. तेवढे दिवस दुरुस्ती झाल्याचा भास होतो. म्हणूनच बॅटरीची केबल काढून दिवा घालवण्याचा घरगुती उपायही करू नका. कोड नोंदला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान आणि भार किती होता याची ईसीयूने जपलेली नोंद त्यात पुसली जाते.

स्कॅनर मिळाला की इंजिन पूर्ण गरम करून पुढील आकडे कळवा: आयडलिंगला आणि न्यूट्रलमध्ये २,५०० आरपीएमला धरून शॉर्ट आणि लाँग फ्यूल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली त्या क्षणाची आणि शिकलेली दुरुस्ती, टक्क्यांत), दोन्ही वेळचा ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज, आणि मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधला, दाब. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवूनही मॅपचा आकडा टिपा.

आणि हो, चारही प्लग काळे निघाले हे आपण ओघात लिहून गेलात, पण माझे लक्ष तिथेच अडकले आहे.

उत्तर: मिरजेहून

माझ्या जुन्या गाडीत हाच कोड आला होता आणि थ्रॉटल बॉडीच्या मागचा व्हॅक्यूमचा रबरी पाइप तडकलेला निघाला. आयडलिंगला त्या चिरेतून हवा आत ओढली जात असे. इंजिन चालू ठेवून प्रत्येक पाइपाच्या जोडावर कार्ब क्लीनरचा हलकासा फवारा मारत गेल्यावर एका ठिकाणी आरपीएम बदलला आणि चीर सापडली. तीस रुपयांच्या पाइपाने काम झाले. आपणही पंपाच्या आधी हे करून पाहावे. फवारा तापलेल्या सायलेन्सरच्या बाजूला मात्र अजिबात जाऊ देऊ नये, तो पेट घेतो.

ई-२० बद्दल जे सांगितले गेले त्यातही तथ्य आहे असे मला वाटते. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून मिश्रण लीन होणारच.

उत्तर: चिंचवडचा निवृत्त अभियंता

मिरजकरांनी सुचवलेली तपासणी करायलाच हवी, परंतु त्यात एक पोटभेद आहे. ज्या गाड्यांत एअर फिल्टरनंतर हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो, त्यांत चिरेतून शिरलेली हवा मोजणीतून सुटते आणि मिश्रण सरळ लीन होते. ज्या गाड्या मॅप सेन्सरने मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा हिशेब करतात, त्यांत हीच हवा शिरली की मॅनिफोल्डमधला दाबही वाढतो, ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो, आणि ट्रिम फारशी हलण्याऐवजी आयडलिंग चढते किंवा वरखाली होते. प्रश्नकर्त्यांनी आयडलिंग चढल्याचे कुठेही लिहिलेले नाही. चीर एखाद्याच सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा गाडी आयडलिंगला हलते.

ई-२० चा हिशेब मात्र मांडता येतो. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला सुमारे ९ पट. त्यावरून ई-१० साठी हे प्रमाण १४.१ च्या आणि ई-२० साठी १३.५ च्या आसपास येते. म्हणजे ई-१० वरून ई-२० वर गेल्यास ईसीयूला सुमारे ४ टक्के पेट्रोल जास्त सोडावे लागते, आणि तेही आयडलिंगपासून हायवेपर्यंत सगळीकडे सारखेच. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील यांवर इथेनॉलचा काय परिणाम होतो, हा स्वतंत्र आणि रास्त काळजीचा विषय आहे. परंतु २५ टक्क्यांचा खड्डा ४ टक्क्यांनी पडत नाही. आधीच १८-२० वर पोहोचलेल्या गाडीला शेवटचा धक्का तेवढा पेट्रोलने दिला असेल.

प्रश्नकर्ता: होटगी रोड, सोलापूर

आपले दोघांचेही आभार. के-लाइनवर चालणारा स्कॅनर एका मित्राकडून आणला आणि तो पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला. इंजिन गरम असताना, एसी बंद ठेवून घेतलेले आकडे असे:

आयडलिंगला, ७५० आरपीएमवर, लाँग ट्रिम अधिक २२ आणि शॉर्ट ट्रिम अधिक ३ ते ५ होती. ऑक्सिजन सेन्सर बहुतेक वेळ ०.१ ते ०.२ व्होल्टवर रेंगाळत होता आणि मधूनच वर जात होता. मॅपचा दाब ३४ किलोपास्कल. २,५०० आरपीएमवर धरल्यावर लाँग ट्रिम अधिक ६ झाली, शॉर्ट ट्रिम शून्याच्या दोन्ही बाजूंना फिरू लागली आणि सेन्सर ०.१ ते ०.८ च्या दरम्यान भराभर वरखाली होऊ लागला. एकदम रेस दिल्यावर तो ०.८५ पर्यंत गेला. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तेव्हा मॅप ९६ दाखवत होता.

कार्ब क्लीनरचा फवारा सगळ्या पाइपांवर आणि इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर (जोडातल्या सीलवर) मारून पाहिला. आरपीएम कुठेही बदलला नाही.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही या विचारात होतो. सकाळी थंड गाडी सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटे बॉनेटमधून शिवणयंत्रासारखा टिक-टिक आवाज येतो आणि नंतर जातो. जुन्या इंजिनाचा टॅपेटचा आवाज असेल म्हणून मी वर्षभर तिकडे लक्ष दिलेले नाही.

उत्तर: चिंचवडचा निवृत्त अभियंता

आवाजाचे लिहिलेत हे फार बरे केलेत.

आकडे एकेक करून पाहू. चावी फिरवल्यावर मॅप ९६ दाखवतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास असल्यामुळे तिथे ९५-९६ हाच आकडा अपेक्षित आहे. सेन्सर खरे बोलतो आहे. आयडलिंगला ३४ हा दाबही निरोगी इंजिनाचा आहे, तेव्हा इनटेकमध्ये मोठी गळती नाही, आणि आपल्या फवाऱ्यानेही तेच सांगितले.

पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर चित्र नेमके उलटे दिसले असते. आयडलिंगला इंजिनाला पेट्रोल अगदी थोडे लागते आणि मरतुकडा पंपही तेवढे पुरवतो. त्याची दमछाक होते ती घाटात, ओव्हरटेक करताना, भार आल्यावर. आपली ट्रिम तर आयडलिंगला २२ आणि वेग वाढल्यावर ६ आहे. पंपाचे ९,००० रुपये खिशातच राहू द्या. इंजेक्टर चोंदलेले असते तर तफावत वेग वाढल्यावरही उरली असती. रेस देताच ०.८५ वर उडी मारणारा ऑक्सिजन सेन्सरही ठणठणीत आहे, आणि बहुधा आपला जुनाही तसाच असावा.

आता काळ्या प्लगांकडे येऊ. मिश्रण खरोखर लीन असते तर प्लगची टोके पांढुरकी पडली असती. काजळी धरते ती पेट्रोल जास्त झाल्यावर. म्हणजे प्लग सांगतात पेट्रोल जास्त आहे आणि सेन्सर सांगतो ऑक्सिजन उरला आहे; दोघेही खरे बोलत असतील तर तो ऑक्सिजन सिलिंडरमधून आलेला नाही, वाटेत मिसळलेला आहे. सिलिंडर आणि सेन्सर यांच्यामध्ये वाट तेवढी एकच उरते: जळालेला वायू सिलिंडरमधून सायलेन्सरकडे नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्याचे गॅस्केट.

तिथे बारीकशी फट पडली की जळालेला वायू बाहेर येतो हे सर्वांना माहीत असते. बाहेरची हवा आत जाते हे पटकन लक्षात येत नाही. आयडलिंगला एक्झॉस्टचे झोत दूरदूर असतात, दोन झोतांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेच्याही खाली जातो आणि फटीतून हवा ओढली जाते. वेग वाढला की झोत एकमेकांना खेटून येतात, आतला दाब चढा राहतो आणि हवा शिरायला सवड मिळत नाही. म्हणून ट्रिम २२ वरून ६ वर येते, आणि म्हणूनच ॲव्हरेज सिग्नलवर थांबत-थांबत चालणाऱ्या गावात पडले, हायवेला नाही. थंड असताना येणारी टिक-टिक आणि धातू तापून प्रसरण पावल्यावर तिचे थांबणे हेही त्या गॅस्केटचेच लक्षण आहे.

खात्री करून घेण्याची घरगुती पद्धत अशी. रात्रभर थंड झालेली गाडी मोकळ्या जागेत ठेवा आणि इंजिन सुरू करू नका. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडाला लावून तो सायलेन्सरच्या शेपटात घाला व भोवती ओले फडके गुंडाळा. क्लीनर सुरू केला की सगळ्या एक्झॉस्टमध्ये हलका दाब येईल. मग साबणाचे पाणी स्प्रेने मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या जोडावर, सेन्सरच्या चुडीभोवती आणि मॅनिफोल्डखालच्या पाइपाच्या फ्लँजवर मारा. फट असेल तिथे फेस येईल. उष्णतारोधक पत्रा काढावा लागेल. त्याचे बोल्ट गंजलेले असतात, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. तुटलेल्या बोल्टाने एका कामाची दोन कामे होतात.

उत्तर: रत्नागिरीहून

मूळ प्रश्नाला फाटे न फोडता एवढेच नोंदवतो की, माझ्या गाडीत असाच पिवळा दिवा लागला तेव्हा पी ०१३५ निघाला होता, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हिटरचा. तिथेही सेन्सर बदलण्याचाच सल्ला मिळाला होता, परंतु उंदराने वायर कुरतडलेली होती. दिवा तोच, सल्लाही तोच, आणि कारणे मात्र दोन टोकांची. वरील सविस्तर उत्तरांबद्दल धन्यवाद. वाचून पुष्कळ कळले.

प्रश्नकर्ता: होटगी रोड, सोलापूर

उशिरा लिहीत आहे, कारण काम पूर्ण होऊन थोडे किलोमीटर झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

रविवारी सकाळी व्हॅक्यूम क्लीनरची तपासणी केली. शेजाऱ्यांनी मी गाडीचा सायलेन्सर झाडतो आहे असे समजून बराच वेळ गंमत पाहिली. पत्रा काढल्यावर साबणाची गरजही तशी उरली नव्हती: सगळ्यात शेवटच्या सिलिंडरच्या तोंडाशी हेडवर बोटभर लांबीचा काळा ओघळ उठलेला होता, जसा चुलीच्या भिंतीवर उठतो, आणि तिथला नट जागेवरच नव्हता. साबणाचे पाणी मारताच नेमक्या त्याच ठिकाणी बारीक फेस धरला. बाकीच्या तीन तोंडांशी काहीच नव्हते.

ही छायाचित्रे नेहमीच्या मेकॅनिकना दाखवली. त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि काम हाती घेतले, याचा उल्लेख करायला हवा. मॅनिफोल्ड उतरवल्यावर कळले की नट पडलेला नसून तो ज्यावर बसतो तो स्टडच (हेडमध्ये रोवलेला आट्यांचा दांडा) हेडच्या तोंडाशी तुटला होता. त्यांनी उरलेल्या बुंध्यावर एक नट वेल्ड केला, तो गार होऊ दिला आणि पान्याने अगदी सावकाश मागेपुढे करत बुंधा बाहेर काढला. हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे ड्रिल लावण्याची घाई त्यांनी केली नाही. नवे गॅस्केट, एक स्टड, सगळे नवे नट आणि मजुरी मिळून १,९०० रुपये झाले.

कोड पुसून ३२० किलोमीटर झाले आहेत. आयडलिंगला लाँग ट्रिम आता अधिक ५ आहे आणि २,५०० आरपीएमला अधिक ४. सकाळची टिक-टिक पूर्ण बंद झाली आहे. मिरजकरांच्या शंकेच्या संदर्भात सांगायचे तर, दोन्हीकडे उरलेले हे ४-५ टक्के ई-२० चेच असावेत असे मी धरून चालतो.

एक शेवटचा प्रश्न आहे. मेकॅनिकनी काढलेला जुना ऑक्सिजन सेन्सर माझ्याकडेच आहे. तो ठेवावा की भंगारात द्यावा?

उत्तर: चिंचवडचा निवृत्त अभियंता

फार छान काम झाले. शिल्लक ट्रिमबद्दलचा आपला तर्क मलाही पटतो.

जुना सेन्सर भंगारात देऊ नका. चार वायरींच्या बहुतेक सेन्सरांत एकाच रंगाच्या ज्या दोन वायरी असतात त्या हिटरच्या. त्यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून थंड सेन्सरचा रोध मोजा. तो साधारण ५ ते १५ ओहमच्या दरम्यान आला तर हिटर शाबूत आहे असे समजा. मग टोकावर स्वच्छ प्लास्टिकची टोपी घालून, साबण किंवा ग्रीस न लागू देता, टूलबॉक्समध्ये ठेवून द्या. चुडीला साधे ग्रीस लावून ठेवण्याची सवय अनेकांना असते. ते सेन्सरच्या टोकापर्यंत पोहोचले तर चांगला सेन्सर वाया जातो.

आणि ५०० किलोमीटर पूर्ण झाले की इंजिन पूर्ण थंड असताना मॅनिफोल्डचे सगळे नट एकदा मेकॅनिककडून मधल्यापासून बाहेरच्या बाजूंकडे जात ताणून घ्या. नवे गॅस्केट तापून-निवून बसते तेव्हा नट थोडे सैल पडतात, आणि आपला स्टड तुटण्यामागेही शेजारचा एखादा नट आधी सैल झालेला असण्याची शक्यता मोठी आहे.